‘नको’ची घडण : स्पॅनिश निषेधार्थी आज्ञा आणि नागरीची कसोटी

फिलिपाईन्सचा राष्ट्रपुरुष होसे रिसाल याची पहिली कादंबरी १८८७ साली बर्लिन येथे छापली गेली. तिचा मजकूर स्पॅनिशमध्ये आहे. नाव मात्र लेखकाने लॅटिन ठेवले : ‘नोली मे तांगेरे’. योहानाच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन पाठातून घेतलेले हे नाव स्पॅनिशमध्ये सांगावयाचे झाल्यास ‘नो मे तोकेस’ असे होईल. दोन्हीकडे शब्द तीनच आणि निषेधही तोच. परंतु घडण निराळी. लॅटिन ‘नोली’ हे ‘न इच्छिणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे व त्याच्या जोडीला मुख्य क्रियापद मूळ रूपात येते. स्पॅनिश ‘तोकेस’ हे मुख्य क्रियापदाचेच रूप, पण ते आज्ञार्थाचे नसून संभावनार्थाचे आहे. त्यातच आणखी एक गोष्ट घडते. ‘तोकार’ (स्पर्श करणे) हे मूळ रूप लिहिताना ‘क’साठी रोमन ‘सी’ वापरतात. ‘तोकेस’ लिहिताना तो ‘सी’ जातो आणि त्याच्या जागी ‘क्यू’ व ‘यू’ ही दोन अक्षरे येतात.

स्पॅनिश शिकणारा भारतीय विद्यार्थी अडखळतो तो नेमका येथे. त्याच्या हातातील पाठ्यपुस्तक बहुधा इंग्रजी विद्यार्थ्यासाठी रचलेले असते. त्यात अशा क्रियापदांची एक लांबलचक यादी असते, ‘लेखनबदल होणारी क्रियापदे’ असा तिचा मथळा असतो आणि लगेच पुढच्या पानावर खरोखरीच्या अनियमित क्रियापदांची दुसरी यादी असते. विद्यार्थी दोन्ही याद्या सारख्याच भक्तिभावाने पाठ करतो. परिणामी जे अनियमित नाही तेही अनियमित आहे अशी त्याची समजूत होते. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत ही समजूत विशेष खेदकारक होय. कारण तिच्यावरचा उतारा त्याच्या स्वतःच्या लिपीत आधीच उपलब्ध आहे.

प्रथम नियम पाहू. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला उद्देशून होकारार्थी आज्ञा करावयाची तर ‘तोका’ म्हणतात. नकारार्थी आज्ञेत ‘नो तोका’ चालत नाही, ‘नो तोकेस’ म्हणावे लागते. हे रूप साधण्याची रीत सोपी आहे. वर्तमानकाळाचे ‘मी’चे रूप घ्यावे, त्याच्या अंतीचा ‘ओ’ काढावा आणि उलट गटाचा स्वर लावावा. म्हणजे मूळ रूपाच्या अंती ‘आर’ असेल तर ‘ए’. ‘एर’ किंवा ‘ईर’ असेल तर ‘आ’. शेवटी तूकारासाठी ‘स’ जोडावा. तोको, तोकेस, बेबो (मी पितो), बेबास. ज्यांचे ‘मी’चे रूप आघातहीन ‘ओ’ने संपत नाही अशी क्रियापदे सहाच. ‘ईर’ (जाणे) याचे ‘नो बायास’, ‘सेर’ (असणे) याचे ‘नो सेआस’ ही त्यांतील ठळक रूपे. ती पाठच करावी लागतात. त्याला इलाज नाही.

आता लेखनबदलाची क्रियापदे नागरीत लिहून पाहावी. येथे उच्चार लॅटिन अमेरिकेतील धरला आहे; स्पेनच्या बहुतेक भागांत ज्या ठिकाणी दातांत जीभ धरून ‘थ’सारखा ध्वनी काढतात तेथे अमेरिकेत साधा ‘स’ येतो. ‘तोकार’चे ‘नो तोकेस’, ‘बुस्कार’ (शोधणे) याचे ‘नो बुस्केस’. ‘पागार’ (पैसे चुकते करणे) याचे ‘नो पागेस’. रोमन लिपीत येथे ‘जी’च्या पाठीमागे एक मुका ‘यू’ येऊन बसतो, नागरीत ‘ग’ला एक मात्रा लागते, एवढेच. ‘क्रुसार’ (ओलांडणे) याचे ‘नो क्रुसेस’. रोमनमध्ये ‘झेड’ जाऊन ‘सी’ आला, नागरीत ‘स’ जागचा हलला नाही. ‘रेकोहेर’ (गोळा करणे) याचे ‘नो रेकोहास’; रोमनमध्ये ‘जी’चा ‘जे’ झाला. ‘आबेरिग्वार’ (चौकशी करणे) याचे ‘नो आबेरिग्वेस’. रोमनमध्ये ‘यू’च्या डोक्यावर दोन टिंबे चढली, कारण ती नसती तर ‘यू’ मुका झाला असता आणि ‘ग्वे’चा ‘गे’ झाला असता. नागरीतला ‘ग्व’ या साऱ्या धावपळीत अविचल आहे.

‘पागार’च्या निमित्ताने सांगण्याजोगे आहे की, मराठीतला ‘पगार’ हा शब्द याच क्रियापदाच्या पोर्तुगीज भावंडाकडून आलेला आहे. तो घेताना मराठी माणसाने कान वापरला, पोर्तुगीज लेखन पाहिले नाही. स्पॅनिशच्या विद्यार्थ्यानेही तेच करावे.

नागरीची ही कसोटी केवळ लेखनसोय नव्हे. ती खरा बदल आणि दिखाऊ बदल वेगळे करून दाखविते. ‘एंपेसार’ (आरंभ करणे) याचे निषेधरूप ‘नो एंपिएसेस’ होते. पाठ्यपुस्तकात येथे दोन बदल नोंदविलेले असतात : मधल्या ‘ए’चा ‘इए’ झाला आणि ‘झेड’चा ‘सी’ झाला. नागरीत पहिला बदल दिसतो, दुसरा दिसत नाही. अर्थात पहिला भाषेचा आहे, दुसरा कागदाचा. ‘हुगार’ (खेळणे) याचे ‘नो हुएगेस’ : ‘उ’चा ‘उए’ होणे खरे, मुका ‘यू’ येणे लेखनापुरते. ‘सेगीर’ (मागोमाग जाणे, चालू ठेवणे) याचे ‘नो सिगास’ : ‘ए’चा ‘इ’ होणे खरे, मुका ‘यू’ गळणे लेखनापुरते. याउलट ‘कोनोसेर’ (ओळखणे) पाहावे. पाठ्यपुस्तके याचाही समावेश पुष्कळदा लेखनबदलाच्या यादीत करतात. परंतु ‘नो कोनोस्कास’ हे रूप नागरीत लिहिताच एक नवा ‘क’ डोळ्यांत भरतो. हा ‘क’ उच्चारात आहे. म्हणून ‘कोनोसेर’ या यादीतले नव्हेच. ‘बेन्सेर’ (जिंकणे), ‘नो बेन्सास’ हे मात्र त्या यादीतले, कारण तेथे ‘स’ टिकून आहे. रोमन लेखनात ही दोन्ही क्रियापदे एकाच प्रकारे संपतात आणि त्यामुळे एकाच जातीची वाटतात.

असे का झाले, याचे कारण लॅटिनच्या उत्तरकाळात आहे. जुन्या लॅटिनमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार सर्वत्र ‘क’ होता. पुढे ‘ए’ व ‘इ’ या तालूकडे ओढणाऱ्या स्वरांपूर्वी तो पालटला, आणि कालांतराने स्पॅनिशमध्ये तेथे ‘स’ किंवा ‘थ’सारखा ध्वनी आला. अक्षर एक, ध्वनी दोन अशी स्थिती झाली. तथापि क्रियापदांच्या बाबतीत बोलणाऱ्यांनी ध्वनिनियमाला पुरते वश होण्याचे नाकारले. ‘पागार’ हे लॅटिन ‘पाकारे’पासून आले. ध्वनिनियम काटेकोर चालता तर ‘ए’पूर्वी या क्रियापदात ‘ग’ उरला नसता, ‘स’च्या जातीचा ध्वनी आला असता. पण ज्या क्रियापदाची बहुसंख्य रूपे ‘ग’ने बोलली जात होती त्याची उरलेली मूठभर रूपेही लोकांनी ‘ग’नेच बोलावयास घेतली. सादृश्याने ध्वनिनियमावर मात केली, आणि लेखनिकांना त्या मातेची नोंद करण्यासाठी मुका ‘यू’ शोधावा लागला. ‘देसीर’ (सांगणे) यासारख्या नित्याच्या क्रियापदात हे सादृश्य चालले नाही. तेथे ‘नो दिगास’ असा खराखुरा ‘ग’ आजही उभा आहे. म्हणजे वरवर वेडेवाकडे दिसणारे हे लेखन वस्तुतः बोलणाऱ्यांच्या सुसंगतीचा पुरावा होय.

स्पॅनिश विद्वानांना या लेखनाची अडचण जाणवली नव्हती असे नाही. आंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ च्या व्याकरणात आणि पुढे १५१७ च्या लेखननियमांत बोलावे तसे लिहावे हा दंडक घातला होता. स्पॅनिश अकादमीने १७४१ साली आपले पहिले लेखनशास्त्र प्रसिद्ध केले व १८१५ मध्ये ‘क्यू’चा वापर ‘ए’ आणि ‘इ’पूर्वीच राखून ठेवला, आजची तोकार–तोकेस ही वाटणी त्यामुळे पक्की झाली. सर्वांत धीट सूचना आली ती अमेरिकेकडून. व्हेनेझुएलाचा आंद्रेस बेयो याने हुआन गार्सिया देल रिओ याच्यासह १८२३ साली लंडनहून अशी योजना मांडली की, मुका ‘यू’ काढून टाकावा, ‘ह’साठी नेहमी ‘जे’ आणि ‘स–थ’साठी नेहमी ‘झेड’ लिहावा. ही योजना समूळ स्वीकारली गेली असती तर लेखनबदलाच्या क्रियापदांची यादी जवळजवळ संपुष्टात आली असती. चिलीने तिचा काही भाग १८४४ ते १९२७ पर्यंत वापरला. त्या काळातील चिलीच्या लेखनात ‘दिरिहीर’ (मार्गदर्शन करणे) हे क्रियापद आरंभापासूनच ‘जे’ने लिहिले जाई, म्हणून ‘नो दिरिहास’ लिहिताना काही पालटावे लागत नसे. कवी हुआन रामोन हिमेनेस ‘ह’साठी आग्रहाने ‘जे’च लिहीत असे, आणि १९९७ साली मेक्सिकोतील साकातेकास येथे गाब्रिएल गार्सिया मार्केस याने लेखनसुधारणेचा पुकारा केला तेव्हा ‘जी’ आणि ‘जे’ यांचा तंटा मिटवावा ही त्याचीही एक मागणी होती. तंटा अद्याप मिटलेला नाही.

हा सारा परक्याच्या घरचा प्रकार आहे असे मराठी वाचकाने समजू नये. गोव्यात तो आपल्याही घरी घडून गेला आहे. पोर्तुगीज भाषेतही नेमके हेच लेखनबदल आहेत, आणि सोळाव्या–सतराव्या शतकांत येशूसंघीय धर्मोपदेशकांनी कोंकणी व मराठी रोमन लिपीत लिहावयास घेतली ती पोर्तुगीज वळणाने. थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली अशाच रोमन अक्षरांत छापले गेले. त्याचे कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. या वळणाच्या जुन्या रोमी कोंकणीत ‘कसें’ हा शब्द ‘सी’ने सुरू होतो आणि ‘कितें’ हा ‘क्यू’ने. त्यामुळे ‘कर’ हा आपला अत्यंत साधा धातूही लेखनबदलाचा धातू ठरला : ‘करूं नाका’ लिहिताना त्याच्या आरंभी ‘सी’, आणि ‘केलें’ लिहिताना ‘क्यू–यू’. बोलणाऱ्या गोवेकराच्या तोंडी ‘क’ तोच होता. ‘तोकार’मध्ये काय चालले आहे हे मराठी विद्यार्थ्याला समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही, इंग्रजी पाठ्यपुस्तकात ते असण्याची अर्थातच शक्यता नाही.

मराठीची स्वतःची प्रकृती मात्र स्पॅनिशच्या नेमकी उलट आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’, ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ या जोड्या मोठ्याने उच्चाराव्या. पहिल्या शब्दात ‘झ’ व ‘च’ दंत्य आहेत, दुसऱ्यात ‘ई’च्या संगतीने ते तालव्य झाले आहेत. अक्षर जागेवर आहे, ध्वनी हलला आहे. ज्या तालव्य ओढीने लॅटिनचा ‘क’ पालटला तीच ही ओढ. परंतु स्पॅनिश लेखनाने ध्वनी राखण्यासाठी अक्षर पालटले, तर मराठी लेखनाने अक्षर राखले आणि ध्वनी वाचकाच्या कानावर सोपविला. निषेधार्थी रूपांपुरते पाहिले तर मराठीतही लेखनबदल आहेतच. ‘पी’चे ‘पिऊ नको’, ‘धू’चे ‘धुऊ नको’ लिहिताना दीर्घाचा ऱ्हस्व होतो, तो अंत्य आणि उपान्त्य स्थानांविषयीच्या लेखननियमामुळे. तसेच १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला, त्या दिवसापासून मराठीतील प्रत्येक निषेधाचे एक टिंब गेले : ‘करूं नको’चे ‘करू नको’ झाले. कोंकणीने ते टिंब ठेवले आहे, आणि ते ठेवणे तिला शोभते, कारण तेथे त्याचा उच्चार शिल्लक आहे.

नागरीच्या कसोटीला मर्यादा आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. लॅटिन अमेरिकी उच्चारात ‘कासार’ या एकाच ध्वनिरूपात दोन क्रियापदे दडलेली आहेत : एक लग्न करण्याचे, दुसरे शिकार करण्याचे. पहिल्यात रोमन ‘एस’ आहे व तो ‘कासेस’ या रूपातही कायम राहतो. दुसऱ्यातला ‘झेड’ ‘कासेस’मध्ये ‘सी’ होतो. नागरीत दोन्ही एकच दिसतात, आणि कानालाही एकच ऐकू येतात. त्याचप्रमाणे ‘तेहेर’ (विणणे) हे मुळातच ‘जे’ने लिहितात, तर ‘रेकोहेर’ ‘जी’ने. ‘तेहास’ आणि ‘रेकोहास’ या रूपांवरून मूळ रूपाचे लेखन ओळखता येत नाही. तेव्हा कसोटी मूळ रूपाकडून आज्ञेकडे जाताना उपयोगी पडते, उलट दिशेने नाही. मूळ रूपाचे रोमन लेखन एकदा डोळ्यांनी शिकावेच लागते. त्यापुढचे सगळे काम कान करू शकतो.

लेखनाचा प्रश्न असा सुटला तरी निषेधाच्या अर्थच्छटांचा प्रश्न उरतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तोच अधिक महत्त्वाचा आहे. येथे बंगळूरसारख्या शहरातला मराठी विद्यार्थी एका दृष्टीने भाग्यवान म्हटला पाहिजे. शहाजीराजांच्या जहागिरीत १६३८ च्या सुमारास आलेल्या या शहरात मराठी घरे जुनी आहेत. घरात ‘नको’, रस्त्यावर कन्नड ‘बेड’ आणि दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून ‘नक्को’ हे तिन्ही शब्द एकाच दिवसात त्याच्या कानी पडतात. दखनीने ‘नक्को’ मराठीकडून उचलला हे उघड आहे. ‘बेड’चे नाते मात्र शब्दाचे नसून घडणीचे आहे. कन्नडमध्ये ‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘बेड’ म्हणजे नको. ‘ननगे बेड’ म्हणजे मला नको, आणि ‘माडबेड’ म्हणजे करू नको. हवे–नकोची जोडी आणि निषेधाची आज्ञा या दोन्ही गोष्टी एकाच शब्दावर चालविण्याची ही रीत कन्नड व मराठी यांत समान आहे. ‘न इच्छिणे’ या क्रियापदातून निघालेला लॅटिन ‘नोली’ त्यांच्याच पंक्तीला बसतो. रिसालच्या कादंबरीचे लॅटिन नाव बंगळूरच्या विद्यार्थ्याला स्पॅनिशपेक्षा जवळचे वाटावे, ही गमतीची पण सकारण गोष्ट आहे.

स्पॅनिशने ‘नोली’ टाकला आणि संभावनार्थाचा मार्ग धरला. त्या मार्गाचे साम्य शोधावयाचे तर मराठीत नव्हे, संस्कृतात शोधले पाहिजे. संस्कृतात ‘मा’ या निषेधवाचक अव्ययाबरोबर पाणिनीने लुङ् लकाराचे विधान केले आहे, आणि तेथे भूतकाळाचे चिन्ह असलेला आरंभीचा ‘अ’ गळतो : ‘मा गमः’, ‘मा कार्षीः’. रूप भूतकाळाचे, चिन्ह गळालेले आणि अर्थ भविष्यातील कृत्य रोखण्याचा. होकारार्थी आज्ञेचे रूप नकारात न वापरता दुसऱ्या अर्थाचे रूप उसने घ्यावयाचे, ही वृत्ती ‘तोका’ आणि ‘नो तोकेस’ यांच्यातील भेदात दिसते तशी येथेही दिसते.

आता भाषांतराकडे. वस्तुसंग्रहालयातील मूर्तीजवळ स्पॅनिशमध्ये ‘नो तोकार’ अशी पाटी असते. अनोळखी प्रौढाला तोंडी सांगताना ‘नो तोके’ म्हणतात. मुलाला किंवा मित्राला ‘नो तोकेस’. पाटीवर मूळ रूप आहे, म्हणून तेथे लेखनबदलही नाही. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी एकच वाक्य येते. मराठीत मात्र तीन वेगळी वाक्ये सहज उभी राहतात : ‘हात लावू नये’, ‘हात लावू नका’, ‘हात लावू नकोस’. ‘नये’ कोणाच्याही तोंडावर बोललेले नसते. ते नियमासारखे हवेत असते, आणि कर्तृहीन स्पॅनिश मूळ रूपाचे ते नेमके प्रतिरूप आहे. स्पॅनिश कथावाङ्मय मराठी वाचकाला बहुतांशी इंग्रजीच्या द्वारा भेटत आले आहे. त्या वाटेने येताना हे तिन्ही निषेध एका साच्यात ओतले जातात, आणि मराठी भाषांतरकाराला ते पुन्हा अंदाजाने वेगळे करावे लागतात. एखाद्या संवादात दोन माणसे ‘नो तोके’वरून ‘नो तोकेस’वर येतात, तेव्हा त्यांच्यातले अंतर मिटलेले असते, एखादा मालक नोकराला ‘नो तोकेस’ म्हणतो आणि नोकर मालकाला ‘नो तोके’, तेव्हा समाजरचना दोन अक्षरांत सांगितली जाते. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याच्या हाती यातले काहीच पडत नाही. ज्याच्या भाषेत ‘नकोस’ आणि ‘नका’ तयार आहेत त्याने ती मध्यस्थी पत्करावी, हे अनाकलनीय आहे.

रिसालच्या शीर्षकाचे मराठी रूप करताना हा प्रश्न अधिकच अवघड होतो. लॅटिन ‘नोली’ एकवचनी आहे, तेव्हा ‘नकोस’ हे व्याकरणदृष्ट्या निर्वेध. पण स्पर्शासाठी शब्द कोणता? ‘मला शिवू नकोस’ हे सर्वांत मराठमोळे. परंतु ‘शिवणे’ या क्रियापदाला सोवळ्याओवळ्याचा आणि अस्पृश्यतेचा जो इतिहास चिकटलेला आहे तो वाचकाच्या मनात तत्क्षणी जागा होईल, आणि बोलणारा स्वतःला शुद्ध मानणारा कोणी आहे असे वाटेल. ‘स्पर्श करू नकोस’ शुभवर्तमानाला साजेल, कादंबरीला नाही. रिसालने अर्पणपत्रिकेत आपल्या देशाच्या सामाजिक दुखण्याला अशा कर्करोगाची उपमा दिली आहे की ज्याला नुसता स्पर्श होताच तीव्र वेदना उसळतात. तेथे बोलणारा पवित्र पुरुष नाही, ठणकणारे गळू असलेला रोगी आहे; आणि मराठी रोगी अशा वेळी जवळ येणाऱ्या हाताला म्हणतो ते ‘हात लावू नका’. एकवचन सोडावे लागले तरी या जागी ‘नका’च योग्य वाटते, कारण ते विनंतीचेही आहे आणि भयाचेही, आणि ज्याला उद्देशून ते म्हटले तो हात येथे एकट्याचा नाही.